उकंडाच्या खिशातलं पत्र

१

बुधवारी दुपारी महागावच्या तहसील कचेरीबाहेर यादी लागली. कापसाच्या बियाण्याची चौकशी करायला आलेली समिती शुक्रवारी अकरा वाजता बसणार होती, आणि तिच्यापुढं कोण कोण बोलणार त्यांची नावं त्या कागदावर होती. माजी आमदार देवसिंग मुडे यांचं नाव नव्हतं. त्यांनी सोमवारी पाठवलेली फाईल आमच्याकडं आलीच नाही, असं कचेरीचं म्हणणं.

दोन हजार सहा सालची ही गोष्ट. त्या वर्षी आमच्या भागातला कापूस झाडावरच लाल पडला होता.

मी विमल. फुलसावंगीच्या पोस्टात बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. मी नोकरीतून सुटले, पण गावानं मला सोडलं नाही. कुणाची मनिऑर्डर अडली, कुणाच्या सुनेनं चिठ्ठी लपवली, की मंडळी माझ्या ओसरीवर हजर. हरवलेला कागद शोधून देणारी बाई म्हणून माझं नाव झालंय. पोलीस चहा मागतात, मी पाजते, एवढाच फरक.

जफर जीप घेऊन आला तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत होते. जफर म्हणजे देवसिंगभाऊंचा ड्रायव्हर, आमदारकीच्या दिवसांपासूनचा.

"ताई, भाऊनं बलावलं. फाईल गेली."

"कुठं गेली?"

"ते मालूम असतं तं तुमच्याकडं कायले आलो असतो?"

भाऊंचा तांडा गावापासून जवळच. भाऊ लिंबाखाली खाटेवर बसले होते. हाच माणूस एके काळी जीपच्या टपावर उभा राहिला की बाया तव्यावरची भाकर तशीच सोडून ऐकायला यायच्या. दोनदा आमदार झाले. तिसऱ्यांदा पडले आणि मुंबईला गेले, ते अकरा वर्षं तिकडचेच झाले. बियाण्याच्या एका बड्या कंपनीनं त्यांना सल्लागार नेमलं. सल्ला कसला, दारं उघडून द्यायची. कोणत्या मंत्र्याला सकाळी भेटावं आणि कोणत्याला जेवण झाल्यावर, कोणत्या सचिवाच्या मुलीचं लग्न कधी, हे सगळं त्यांच्या डोक्यात. गाव त्यांना मागून दलाल म्हणायचं आणि दिवाळीला ते आले की फराळाला पुढं असायचं.

या उन्हाळ्यात ते कायमचे परत आले. येताना एक फाईल घेऊन आले.

"कंपनीच्याच शास्त्रज्ञायनं लिहून देलं होतं," भाऊ म्हणाले. "बिनपाण्याच्या रानात हे बियाणं लाल पडते म्हनून. तो अहवाल कोनाच्या टेबलावर जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम होतं. म्या ते चांगलं केलं. मंग तेच बियाणं इथं, माझ्या तांड्यात पेरलं गेलं."

"झेरॉक्स काढली नाही?"

"इथं झेरॉक्स काढली का संध्याकाळी कंपनीले मालूम होते. एकच प्रत होती. विमलताई, फाईल नसली तं मी कोन? कंपनीचा जुना दलाल. मेल्यावर लोक काय म्हनतीन त्याची मले फिकीर नाही. पन जिता असताना एकदा, या मुलखात, माझा शब्द खरा धरला पायजे. बस."

मी हिशेब लावला. फाईल दीपमालानं बांधली, वरचं भाऊंचं पत्रही तिनंच टाईप केलं; तिचं महागावला टायपिंगचं दुकान आहे. रविवारची रात्र फाईल भाऊंच्या घरात होती. सोमवारी सकाळी जफरच्या जीपमधून निघाली आणि कचेरीत नेऊन दिली गावातल्या उकंडामामांनी, भाऊंच्या जुन्या भक्तानं.

"मग उकंडामामांना विचारलं का?"

"विचारलं. कचेरीतल्या मिर्झासाहेबाच्या हातात देल्ली म्हनते. उकंडा मरन, पन माझं पत्र हरवनार नाही."

हे मलाही पटत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून, चुलीपाशून, भाऊंच्या बायकोचा आवाज आला.

"ताई, अंदर या. फाईल म्या घेतली होती."

२

गंगीबाई भाकरी थापत होती. हात थांबवले नाहीत.

"सोमवारी सकाई घेतली. चुलीपाशी बसली. एक कागद घातला असता तं बाकीचे आपोआप गेले असते."

"आणि?"

"एकवीस वरस या मानसाची वाट पाह्यली, ताई. आमदार होता तवा लोकायचा, मंग कंपनीचा. आता तिथं खाटेवर खोकलत बसते तं वाटते, आपला आहे. हे कागद तिकडं गेले का पुन्हा गाड्या येतीन, पेपरवाले येतीन, अन् हा पुन्हा जाईन."

"मग जाळली का नाही?"

तिनं भाकर तव्यावर टाकली. "त्यानं पानी मांगितलं. 'गंगे' म्हनून हाक मारली. मुंबईहून आल्यापासून नावानं पहिल्यांदा." तिनं भाकर उलटली. "त्याचं काम जाळून त्याले पानी कसं देऊ? फाईल पिशवीत ठेवली, वरतून पत्र ठेवलं. लांब होतं पत्र, पिशवीतून डोकावे."

मला तिच्याकडं बघवेना. कुणाची वाट पाहणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. माझ्या लग्नानंतरची सहा वर्षं मी फुलसावंगीला आणि माझे मालक दारव्ह्याकडच्या शाळेवर. आता तर ते जाऊनही नऊ वर्षं झाली.

बाहेर जफर जीपला टेकून खर्रा चघळत होता. शर्टाच्या खिशात कोरा मोबाईल.

"कंपनीचा माणूस भेटला होता ना तुला?"

त्यानं खर्रा थुंकला. "भेटला. मोबाईल देल्ला. फाईल मांगत होता."

"मग?"

"मोबाईल घेतला अन् वरतून शिव्या देल्ल्या. फाईल नाही देल्ली, कसम."

जफरला मी ओळखते. तो खोटं बोलतो, पण दोन मिनिटांच्या वर ते त्याच्याच्यानं धरवत नाही. मी उभी राहिले नुसती.

"एक गोष्ट भाऊले नाही सांगतली," तो म्हणाला. "उकंडामामाले महागावपर्यंत नाही नेलं. फाट्यावरच काळी-पिवळीत बसवलं. आमच्या तमन्नाले पाहाले पाहुने येऊन राह्यलते."

"आणि कचेरीत कोण विचारायला गेलं?"

"मीच. मंगळवारी. मिर्झासाहेबाले म्हटलं, भाऊची फाईल भेटली का. ते हसले. म्हनले, असं काही आलं नाही बाबा, भाऊले सलाम सांग."

"हसले?"

"हाव. प्रेमानं हसले."

चौदा माणसं कोंबलेली काळी-पिवळी आणि तिच्यात एक उघडी पिशवी. चोरी व्हायला याहून सोयीची जागा कोणती? पण माझ्या डोक्यातून ते हसू जाईना. ज्याच्याकडं काही आलंच नाही, तो माणूस हसेल कशाला?

३

गुरुवारी सकाळीच महागाव गाठलं. दीपमालाचं दुकान कचेरीच्या समोर. तिचा नवरा धम्मदीप शेजारच्या गाळ्यात बियाणं विकतो, त्याच कंपनीचं. मी खुर्चीवर बसायच्या आत ती उखडली.

"मालूम आहे कायले आल्या. माझा नवरा बियाणं विकते म्हनून मी फाईल विकली, असंच ना?"

"मी अजून काही बोललेच नाही."

"गाव बोलून राह्यलं ना." मग तिचा सूर उतरला. "ताई, आमच्या दुकानातून बियाणं नेलेल्या लोकायच्या तोंडाकडं पाहवत नाही. ती फाईल वर जावी असं मला भाऊंहून जास्त वाटते. म्या स्वतः दोन गाठी मारून बांधली."

"आणि पत्र?"

"टाईप म्या केलं, घडी त्यायनं घातली. तीन पदरी, लांब. मी पाकीट देत होती, तं म्हनले, माझं पत्र पाकिटात जात नाही, पहिल्यापासून उघडंच जाते. नखानं दोनदा दाबली घडी. अन् म्हनले, अशी घडी लई वर्सानं घातली, दीपमाला."

मी ते मनात ठेवलं. हे सांगताना भाऊंना आनंद झाला होता का, असं विचारलं तर ती म्हणाली, हो, पोरासारखा.

"सोमवारी उकंडामामा दिसले होते का तुला?"

"हे काय, समोरच्या ओट्यावर बसले होते, साडेदहाले. फाईल मांडीवर. माझ्या गाठी तशाच होत्या, म्या इथून पाह्यल्या."

म्हणजे काळी-पिवळी संशयातून सुटली. फाईल कचेरीच्या दारापर्यंत धड आली होती.

"मग आत गेले?"

"लगेच नाही. पत्र उघडून पाहत होते. लई वेळ."

मी उठता उठता थांबले. उकंडामामांना अक्षर ओळखत नाही. अठरा वर्षं माझ्याकडं येणाऱ्या माणसाचं एवढं तरी मला ठाऊक. मग वाचता न येणारा माणूस पत्र उघडून इतका वेळ काय करत होता?

४

उकंडामामांबद्दल सांगायला हवं. दर मंगळवारी सकाळी दहाला ते पोस्टाच्या खिडकीशी यायचे आणि एकच विचारायचे, "बाई, आली का?" आली का म्हणजे ऑर्डर. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी तेव्हा आमदार असलेल्या भाऊंकडून पत्र घेतलं होतं, मुलाला, संघदीपला, कापसाच्या खरेदी केंद्रावर काट्यावरची नोकरी मिळावी म्हणून. पत्र केंद्राच्या अधिकाऱ्याला दाखवून आणलं, तो म्हणाला ऑर्डर टपालानं येईल. तेव्हापासून मामा विचारत आहेत. संघदीप सुरतेला मागावर कामाला गेला आणि आता चाळिशीला टेकला. मामी, तुळसाबाई, वाट बघता बघता गेली. मी रिटायर झाल्यावर मामा आधी पोस्टात विचारतात आणि मग माझ्या ओसरीवर येतात, कारण नव्या पोस्टमास्तरवर त्यांचा भरवसा नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण त्यांच्यापुढं फारच तोकडी.

मी गेले तेव्हा ते अंगणात तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होते.

"मामा, सोमवारी भाऊंचं पत्र उघडलं होतं?"

लपवायचं काही असतं तर ते दचकले असते. ते उलट खूश झाले.

"उघडलं ना. साहेबाची सही पाहाले. तशीच आहे बाई, बिलकुल तशीच. हात नाही कापला."

"आणि मग?"

"मंग घडी नीट केली. चुकीची होती."

"चुकीची?"

"ते लांबट घडी घातली होती कोनीतरी. दीपमालेनं घातली असन, तिले काय मालूम. साहेबाची घडी तशी नसते. थांबा, दावतो."

त्यांनी पेटी उघडली. मामीच्या लुगड्याखालून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून कापड, कापडातून पत्र. अठरा वर्षांत कागद पिवळा पडला होता, पण कुठं फाटला नव्हता. मधोमध एकच घडी, चौकोनी. आणि भाऊंची ऐसपैस सही बाहेरच्या बाजूला, कुणालाही दिसेल अशी.

"साहेबानं सवताच्या हातानं घातली हे घडी. म्हनले, उकंडा, सही वर राहू दे, अधिकाऱ्याले पहिले सही दिसली पायजे. म्हनून मी आताचं पत्र तसंच केलं. निघाच्या आधी पेटीतलं पत्र पाहून गेलतो, साहेबाची घडी पक्की याद होती." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "संघदीपचं बी होईन आता. साहेब इथंच आले ना राहाले. त्यायच्या कानावर टाकीन. ऑर्डर आली का पोराले बलावून घेतो."

मी घरी आले आणि मालकांचा फोटो भिंतीवरून उतरवला.

फोटोच्या मागं एक पत्र आहे. शहाऐंशी सालचं, देवसिंग मुडे यांचं, माझ्या मालकांची बदली फुलसावंगीला व्हावी म्हणून. ते पत्र दाखवून आणलं आणि महिन्याच्या आत बदली झाली. त्या पत्रामुळं आम्हाला एकत्र अकरा वर्षं मिळाली. मी त्याला देवासारखं जपलंय, हे सांगायला मला लाज नाही.

माझ्या पत्राची घडी लांब होती. तीन पदरी. सही आत.

मी फोटो मांडीवर घेऊन बसले आणि पोस्टाच्या खिडकीतून दिसलेले खिसे आठवायला लागले. भाऊंचं पत्र मिळालं की माणूस आधी पोस्टात येऊन मिरवायचा. लखीरामला खरेदी केंद्रावर नोकरी लागली. त्याचं पत्र खिशातून वीतभर वर आलेलं. तांड्याला विहीर मिळाली, तेही लांब. आणि चौकोनी पत्रांची माणसं? ती पुढं वर्षानुवर्षं माझ्या खिडकीशी येत राहिली. तोच कागद, तोच शिक्का, तीच सही. फरक होता तो घडीत. इतकी वर्षं ते माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नाही.

त्या दुपारी मी पुन्हा महागावची जीप पकडली.

५

शाहिद मिर्झा तहसील कचेरीत अव्वल कारकून. रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं. समितीचं टपाल त्यांच्याकडं होतं. त्यांनी अदबीनं खुर्ची दिली.

"मिर्झासाहेब, देवसिंगभाऊंची फाईल तुमच्या खणात आहे," मी म्हणाले. "वर पत्र आहे. चौकोनी घडीचं, सही बाहेर. ते पाहून तुम्ही फाईल आत टाकली आणि न वाचता कुलूप लावलं."

त्यांचं बोट टेबलावर टकटक करत होतं, ते थांबलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. आता ते पत्र काढा आणि उजेडात धरा. मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना दोन घड्या आणखी असतील. नखानं दाबलेल्या."

त्यांनी खण उघडला. दीपमालाच्या दोन गाठी जशाच्या तशा होत्या. पत्र खिडकीकडं धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "आधी तिहेरी होती."

मग त्यांनी सांगितलं. मुडे आमदार झाले त्या वर्षीच मिर्झांच्या साहेबानं त्यांना शिकवलं होतं की मुड्यांचं पत्र वाचायचं नसतं, घडी पाहायची असते. लांब घडी म्हणजे काम करा. चौकोनी घडी आणि सही बाहेर म्हणजे माणूस दारात आला होता, पत्र द्यावं लागलं, काम करू नका. जिल्ह्यातल्या आठ-दहा अधिकाऱ्यांनाच ते माहीत. आता त्यातले मिर्झाच उरलेले.

"मला वाटलं भाऊंना लोकांपुढं फाईल दिल्यासारखं करायचंय, पण कंपनीला दुखवायचं नाही. मी हुकूम पाळला, ताई. जफर विचारायला आला तेही दाखवण्यापुरतंच असणार, म्हणून हसलो."

"आता नाव यादीत जाईल?"

"नोंद करायची माझ्याकडून राहिली, असं लिहून देतो. एक वर्ष राहिलंय, काय करतील माझं? घडीचं कोणाला सांगायचीही गरज नाही." त्यांनी पत्र माझ्यापुढं ठेवलं. "पण ताई, ही घडी घातली कोणी? हे माहीत असलेला माणूस तर भाऊ आणि मी सोडून कोणी उरला नाही."

"माहीत नसलेल्या माणसानंच घातली," मी म्हणाले.

६

दिवस कलायच्या सुमारास भाऊंना सगळं सांगितलं. मिर्झा दोष अंगावर घेतायत, हेही सांगितलं. उकंडामामांचं नाव आलं तशी त्यांनी मान खाली घातली.

"एकच जागा होती," ते म्हणाले. "लखीराम माझ्या बहिनीचा पोरगा. उकंडा त्याच्या आधी आलता. तीन दिवस दारात बसला होता."

"मग नाही म्हणायचं होतं."

"दारात आलेल्याले नाही म्हनाले जमत नव्हतं, ताई. आमदाराले नाही म्हनता येत नाही. मुंबईत मंग त्याचाच धंदा केला. कोनाचं 'हो' खरं अन् कोनाचं खोटं, एवढंच मले ओळखता ये."

"आणि सही बाहेर का?"

"त्याले बरं वाटावं म्हनून."

मला राग आला. पण लांब पत्राची बाई कोणत्या तोंडानं रागावणार? ज्या सहीनं मला अकरा वर्षं दिली, तिनंच मामांची अठरा वर्षं खाल्ली होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणावं तर मी पिठाच्या बाजूला होते.

"उकंडाले सांगतलं तुम्ही?"

"नाही. पत्र तुमचं आहे भाऊ. पोचवायचं की नाही, तुम्ही ठरवा. उद्या फाईल तर घेतलीच जाईल."

गंगीबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

७

शुक्रवारी सभागृह खिडक्यांपर्यंत भरलं होतं. उकंडामामा पहिल्या रांगेत, पांढरा धुतलेला सदरा, वरच्या खिशात ते पत्र. सभा झाली की साहेबांना दाखवणार होते.

मिर्झांनी लेखी चूक कबूल केली, नाव पुकारलं गेलं. अध्यक्षबाईंनी फाईल चाळली आणि चष्मा काढला.

"मुडेसाहेब, हा अहवाल चार वर्षं तुम्हीच दाबला. आज तुम्ही म्हणता हा खरा आहे. तुमच्या शब्दावर आम्ही का विश्वास ठेवावा?"

मागून कोणीतरी हसलं. भाऊ उभेच होते. त्यांनी एकदा पहिल्या रांगेकडं पाहिलं. गप्प बसून भागलं असतं. अहवालावर सह्या होत्या, आज ना उद्या कोणी तपासल्या असत्या.

"ठेवू नका," ते म्हणाले. "माझ्या शब्दाची किंमत काय ते मी सांगतो, मंग फाईलचं पाहा. मिर्झासाहेबाची चूक नाही. त्यायनं माझी घडी पाळली."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. लांब घडी, चौकोनी घडी, सही बाहेर कशासाठी, सगळं. नाव कुणाचं घेतलं नाही. भाषण करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना वाक्यं सापडत नव्हती. सभागृहात एवढी शांतता झाली की बाहेरच्या काट्यावर कापूस उतरवणाऱ्यांचा आवाज आत यायला लागला. बसलेल्यांतल्या किती जणांच्या घरी पेटीत तसलं पत्र होतं, देव जाणे. चेहऱ्यांवरून मोजायचं म्हटलं असतं तर मोजता आलं असतं.

उकंडामामांनी खिशातून पत्र काढलं. मधल्या घडीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग ते तसंच खिशात ठेवून सभा संपेपर्यंत बसून राहिले. मधेच उठून जाणं त्यांना बरं दिसलं नसतं.

अध्यक्षबाईंनी फाईल ठेवून घेतली. "हे सांगणाऱ्या माणसाला मी खोटा धरू शकत नाही," असं म्हणाल्या. भाऊंना जे हवं होतं ते मिळालं. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

पायऱ्यांवर ते मामांपुढं हात जोडून उभे राहिले. जफर, मी, मिर्झा, सगळे बघत होतो.

"तवाच नाही म्हटलं असतं तं काय झालं असतं, साहेब?" मामा म्हणाले. आवाज चढला नाही. "पोरगं तवाच सुरतेले जातो म्हने. म्या तीन वरस अडवलं, ऑर्डर येते म्हनून. मंग भांडून गेला. म्हने, बाबा, तुमची ऑर्डर आली का मले बलावजा, तोवर मी येत नाही. म्या बलावलं नाही ना मंग. काय सांगून बलावू?"

मामा फाट्याकडं चालायला लागले. जफरनं जीप काढली, तीत ते बसले नाहीत.

८

समितीचा अहवाल पुढं गेला म्हणतात. ते बियाणं धम्मदीपच्या दुकानाच्या फळीवरून उतरलं, एवढं मी पाहिलं. भाऊंच्या दारात लोक पत्रं आणून टाकायला लागले, काही शिव्यांसकट, काही मुकाट्यानं. भाऊ एकेक वाचायचे, नाव आठवायचे, आणि गंगीबाईच्या हातात द्यायचे. मग ती पत्रं चुलीत जायची. मी गेले तेव्हा त्याच जाळावर आमचा चहा झाला. गाड्या काही आल्या नाहीत.

मंगळवारी दहाला मी ओसरीवरच बसले होते. वाटलं, आज कोणी यायचं नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी मामा आले. "आली का?" असं विचारलं नाही. कोरा कागद आणि पाकीट पुढं केलं.

"बाई, सुरतेले लिहा."

मी पेन उघडलं.

"लिहा, ऑर्डर आली नाही. येनार बी नव्हती. तुझं खरं होतं. तुझी माय तुले लई आठवे." मी वर पाहिलं नाही. "लिहा, तुरी लई आल्या यंदा. शेंगा सोलाले कोनी नाही. तू ये. काही घेऊन नको येऊ, तू ये."

मी वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा उठवला, शाई वाळू दिली आणि मी घडी घालायला हात पुढं केला तर कागद माझ्याकडून काढून घेतला. ओट्यावर ठेवला. आधी एक पदर दुमडला, मग दुसरा त्याच्यावर, आणि नखानं दोनदा दाबला. तीन पदरी, लांब, अंगठा आत.

"आता पोचन ना, बाई?"

"पोचेल मामा," मी म्हणाले, आणि तिकिटासाठी डबा उघडला.